चार दिवसांचा लळा

कंबोडियातील सिएम रीप हे गाव अंगकोर वटच्या देवालयसमूहामुळे जगप्रसिद्ध झाले. दिवसभर त्या प्रचंड शिळांमधून हिंडून आणि भिंतींवरच्या अप्सरा पाहून थकलेला परदेशी प्रवासी सायंकाळी बाजारात उतरला, की काही वर्षांपूर्वीपर्यंत एखादे लहान पोर त्याच्या हाती जाहिरातीचा कागद ठेवी. कागदावर एका अनाथाश्रमाचे नाव असे, मुलांचे नृत्य रात्री किती वाजता व्हावयाचे ते असे, आणि सवड असल्यास चार दिवस मुलांत राहून त्यांना इंग्रजी शिकवण्याचे निमंत्रणही असे. प्रवासी सहृदय असला तर जाई. मुले धावत येऊन त्याच्या कमरेला विळखा घालीत, एखादे मांडीवर चढून बसे, एखादे त्याच्या चष्म्याशी खेळे, आणि चार दिवसांनी निरोपाची वेळ आली म्हणजे दोन्हीकडचे डोळे पाणावत. घरी परतल्यावर तेथली छायाचित्रे न्याहाळताना आपल्या हातून एक तरी निर्मळ गोष्ट घडली असे त्याला वाटे, आणि तसे वाटण्यात त्याची काही लबाडी नसे. प्रस्तुत लेखात ज्या व्यवहाराची चिकित्सा करावयाची आहे त्याचे वैलक्षण्य नेमके हे आहे, की त्यात लबाड माणसे थोडी आणि भली माणसे पुष्कळ. आणि एवढे असूनही ज्याच्या नावाने सारा खटाटोप चालतो त्या मुलाच्या पदरी बहुधा नुकसानच येते.

कंबोडिया हा अनाथांचा देश असावा, ही बाहेरच्यांची समजूत निराधार नव्हती. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने उपासमार, वेठबिगार आणि कत्तल यांच्या योगे पंधरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला, आणि त्या वेळी पोरक्या झालेल्या मुलांची गणती करण्याच्या परिस्थितीतही कोणी नव्हते. परंतु ती मुले केव्हाच स्वतः आईबाप झाली. पुढे देशात शांतता नांदू लागली, प्रवाशांची रीघ लागली, आणि नेमक्या त्या बरकतीच्या दिवसांत अनाथाश्रम वाढू लागले. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्यांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढून २६९ वर गेली. त्यांपैकी सरकारचे अवघे २१. बाकीचे देणग्यांवर चालणारे, आणि त्या देणग्या मुख्यत्वे परदेशातून येणाऱ्या. २०११ मध्ये युनिसेफच्या साह्याने झालेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसून आले, की या आश्रमांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांची आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी, हयात होते.

मग ही मुले तेथे पोचली कशी, हे पाहावयाचे तर शहर सोडून खेड्यात जावे लागते. भाताचे पीक बुडालेले असते, सावकाराचे देणे डोक्यावर असते, घरात चार-पाच खाणारी तोंडे असतात. अशा दारात एक बऱ्यापैकी कपड्यांतला माणूस येऊन सांगतो, की शहरात एक संस्था आहे, तेथे दोन्ही वेळा पोटभर जेवण मिळते, शाळा आहे, इंग्रजी शिकवतात, आणि मूल शिकून मोठे झाले म्हणजे तुमच्याकडेच येणार आहे. शिक्षणासाठी मुलाला परक्याच्या दारी धाडणे हे आपणा मराठी माणसांनाही नवीन नाही. कोकणातून आणि देशावरून पुण्यास येऊन, माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा आपल्या थोरांच्या चरित्रांत पानोपानी आढळतात. पण वार लावून जेवणाऱ्या मुलाला कोणी आपला बाप मेल्याचे सांगावयास लावीत नव्हते. जेवू घालणाऱ्या घराला त्याचे गाव ठाऊक असे, गोत्र ठाऊक असे, आणि सुट्टी लागली की तो आपल्या घरी जात असे. सिएम रीपकडे निघालेल्या मुलाचे नाव दप्तरी दाखल होताना मात्र त्याचे आईबापच कित्येकदा कागदावरून नाहीसे होत. कारण आईबाप असलेल्या मुलाला देणगी कोण देणार?

येथून पुढे सारा व्यवहार बाजाराच्या कायद्याने चालतो. पाहुणे येतात म्हणून मुले लागतात, आणि मुले फार चांगल्या स्थितीत असली तर पाहुण्याचा हात खिशाकडे जात नाही, सबब ती फार चांगल्या स्थितीत असून भागत नाही. स्वयंसेवक पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आठवड्याला ठरावीक रक्कम घेतात. तिच्यातला किती हिस्सा आश्रमापर्यंत उतरतो याचा ताळेबंद पाहुण्याने मागितल्याचे क्वचितच ऐकू येते. शिक्षकाचे काम तर विचारूच नये. दर पंधरवड्यास नवा स्वयंसेवक येतो, आणि मागच्याने कोठवर आणून सोडले हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो पुन्हा इंग्रजी मुळाक्षरांपासून, रंगांच्या नावांपासून आरंभ करतो. मुले तीच गाणी त्याच उत्साहाने म्हणून दाखवतात. हा उत्साह हेच त्यांचे काम होऊन बसलेले असते, हे ओळखावयाला चार दिवस पुरत नाहीत.

पण पैशाच्या अफरातफरीपेक्षा खोल असे एक नुकसान आहे, आणि अत्यंत सचोटीने चालवलेल्या संस्थेतही ते टळत नाही. ते समजावयाचे तर कंबोडिया क्षणभर बाजूला ठेवून १९४१ च्या लंडनमध्ये यावे लागेल. शहरावर जर्मन बाँब पडत असताना, व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेल्या ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डॉरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात युद्धाने घरापासून तुटलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहे चालवली. खर्चाचा मोठा भार अमेरिकेतील देणगीदारांनी उचलला होता, आणि काम करणाऱ्यांत बऱ्याचशा स्वतःच निर्वासित झालेल्या तरुण मुली होत्या. तेथे जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण किरकोळ दुरुस्त्या पाहावयास आणि बंब पेटवावयास राहिला. त्याची पत्नी जॉइस तेथेच शिकाऊ म्हणून मुले सांभाळी. ॲना फ्रॉइडबाईंचा शिरस्ता असा, की मुलांविषयी जे काही नजरेस पडेल ते प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो की बंबवाला, कार्डावर टिपून ठेवावे. मुलांकडे पाहण्याचे आपले सारे पुढचे आयुष्य या बंबवाल्याने त्या कार्डांवरच उभारले.

त्या बालगृहांत आरंभी रीत अशी होती, की जी दाई मोकळी असेल तिने समोरच्या मुलाचे करावे. सर्व दाया प्रेमळ, सर्व मुले स्वच्छ आणि पोटभर जेवलेली. तरी मुलांचे बोलणे मागे पडत होते आणि स्वच्छतेच्या सवयी लागत नव्हत्या. तेव्हा चार-पाच मुलांचे एक 'कुटुंब' करून ते एकेका दाईच्या हवाली करण्यात आले. पहिला परिणाम भयंकर झाला. कालपर्यंत शहाण्यासारखी वागणारी मुले आपापल्या 'आई'साठी एकमेकांना चावू लागली, ती खोलीबाहेर गेली तरी आक्रोश करू लागली. वरवर पाहणाऱ्यास प्रयोग फसला असेच वाटले असते. परंतु थोड्या दिवसांत तो कल्लोळ शमला, आणि मुले बोलू लागली, नवे शब्द शिकू लागली, आणि स्वच्छतेच्या सवयीही त्यांना लागल्या. पूर्वीचा शांतपणा हा समाधानाचा नव्हता. ज्याला रडून बोलावावे असे एकही माणूस नव्हते, म्हणून मुले रडत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

रॉबर्टसन दांपत्याने पुढे चित्रपटाचा कॅमेरा हाती घेतला. १९६९ मध्ये त्यांनी पूर्ण केलेला 'जॉन' हा चित्रपट पाहणे जिवावर येते, कारण त्यात क्रूर म्हणावे असे काहीच घडत नाही. जॉन सतरा महिन्यांचा. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात गेली म्हणून नऊ दिवस एका निवासी बालगृहात ठेवलेला. दाया तरुण, हसतमुख, मवाळ. पहिल्या दिवशी तो त्यांच्यापैकी एकीकडे जातो, ती त्याला जवळ घेते, आणि तिची पाळी संपल्यावर दुसरी येते. जॉन दुसरीकडे जातो. तिच्या भोवती आधीच दांडगाई करून जागा मिळवणारी, संस्थेतच वाढलेली मुले असतात, आणि त्याचा शांत स्वभाव तेथे टिकत नाही. तो तिसरीकडे जातो. मग माणसांचा नाद सोडून तो एका भल्यामोठ्या मऊ अस्वलाच्या अंगावर पडून राहू लागतो, खाणे नाकारतो, रडून रडून थकतो. अखेर आई येते तेव्हा तो तिच्याकडे झेपावत नाही. तो किंचाळतो आणि तिच्यापासून दूर पळतो. याच वयाची जेन नावाची मुलगी रॉबर्टसन यांनी अशाच प्रसंगी दहा दिवस आपल्या स्वतःच्या घरी ठेवून घेतली होती. तिलाही आईचा वियोग झाला, तिलाही दुःख झाले, पण एकच बाई सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी असल्यामुळे ते दुःख तिला पेलले. जॉनच्या बालगृहातील एकाही दाईवर दोषारोप करता येत नाही. प्रत्येकीने आपापल्या पाळीत प्रेम केले. मात्र त्या प्रेमाला सलगता नव्हती.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: लळा. लळा लागतो, लावला जातो, आणि लावून निघून जाणाऱ्याला आपल्या घरांत आजी-पणजी बोल लावीत आल्या. ज्याला राहावयाचे नाही त्याने परक्या मुलाला उगाच लळा लावू नये, असे त्या सांगत. जॉन बौल्बी या मानसवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध अहवालातील प्रतिपादन त्या आजीबाईंच्या म्हणण्यापासून फार दूर नाही. त्याने पुरावे जमवले एवढेच. आता जॉनच्या नऊ दिवसांच्या जागी नऊ वर्षे कल्पावी, आणि पाळीपाळीने बदलणाऱ्या दायांच्या जागी पंधरवड्यापंधरवड्याने बदलणारे, निराळ्या भाषेचे, निराळ्या देशाचे शंभर पाहुणे कल्पावे. अनोळखी माणसाला पाहताच धावत येऊन बिलगणारे मूल आपणाला प्रेमळ वाटते. घरात वाढणारे दोन-तीन वर्षांचे मूल असे कधी करते काय? ते आधी आईच्या पदराआड लपते. अनाथाश्रमातल्या मुलाला लपावयास पदर नसतो, म्हणून ते धावत येते.

रुमानियात या गोष्टीची मोजमापे घेतली गेली. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ पासून गर्भपातावर बंदी घालून लोकसंख्या वाढवण्याचा हुकूम काढला, आणि १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा सरकारी संस्थांत एक लाखाहून अधिक मुले सापडली. चित्रवाणीवर ती दृश्ये पाहून पश्चिम युरोपातून मदतीचे ट्रक आणि स्वयंसेवक यांचा लोंढा लोटला. पुढे २००० च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने निम्मी मुले पालक-कुटुंबांत दिली, निम्मी संस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात बुद्धिमापन केले तेव्हा संस्थेतील मुलांचा सरासरी अंक ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि जन्मापासून आपल्याच घरी असलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांची होण्यापूर्वी जी मुले घरात गेली त्यांना लाभ अधिक झाला. खेळणी, दूध, उबदार कपडे या सर्वांची भरपाई ट्रकने करता येते; या आकड्यांमधल्या अंतराची येत नाही.

याचा अर्थ संस्थेत मूल वाढूच शकत नाही असाही नव्हे, आणि येथे बुडापेस्टचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एमी पिकलर या बालवैद्य बाईंनी १९४६ मध्ये लोत्सी रस्त्यावर युद्धातल्या पोरक्या तान्ह्यांसाठी एक बालगृह काढले. मुलाला यंत्रासारखे हाताळणाऱ्या तयार दायांना त्यांनी निरोप दिला आणि त्या कामाचे शिक्षण नसलेल्या पण मुलांकडे लक्ष देण्याची वृत्ती असलेल्या तरुणी नेमल्या. न्हाऊ घालणे, लंगोट बदलणे, भरवणे ही कामे कितीही मुले रांगेत असली तरी घाईने करावयाची नाहीत. आता तुझा हात उचलते असे तान्ह्या बाळालाही आधी सांगावयाचे, आणि त्याने आपण होऊन हात पुढे करण्याची वाट पाहावयाची. प्रत्येक मुलाची रोजनिशी ठेवली जाई. मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की त्या दायांना मुलांवर प्रेमाचा वर्षाव करावयास शिकवलेले नव्हते. आपण आई नाही आणि एक दिवस हे मूल आपल्याकडून जाणार आहे, हे ध्यानी ठेवून जेवढे शेवटपर्यंत निभावता येईल तेवढेच द्यावे, पण ते रोज, त्याच हातांनी आणि त्याच क्रमाने द्यावे, असा तेथला दंडक होता. चार दिवसांच्या पाहुण्याला हा संयम कठीण जातो. कारण तो मुळी वर्षाव करावयासच आलेला असतो.

या साऱ्या ज्ञानाच्या मानाने कायद्याची चाल मंद, तरी ती थांबलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ दारिद्र्यापायी मूल आईबापांपासून तोडू नये असे स्पष्ट केले. २०११ मध्ये कंबोडियात मुले म्हणजे प्रेक्षणीय स्थळे नव्हेत अशा आशयाची मोहीम प्रवाशांत राबवली गेली, पुढे सरकारने संस्थांवर नियम घातले आणि मुलांना घरी परतवण्याचे काम हाती घेतले. ऑस्ट्रेलियातून असे स्वयंसेवक फार जात. तेथील संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची पळवापळवी ही आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत धरली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने या स्वयंसेवी पर्यटनाचे नाव घेऊनच त्याविरुद्ध ठराव केला.

तर मग परदेशी जाऊन मुलांची सेवा करूच नये काय? माझे मत असे, की करावी, पण अटी मुलाच्या असाव्यात, पाहुण्याच्या नव्हेत. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाची संस्था आहे. व्हिएन्नाहून आलेल्या कार्ल क्योनिग या निर्वासित वैद्याने आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९४० मध्ये मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी ती काढली, आणि आज वीसहून अधिक देशांत तिच्या वसाहती आहेत. तेथे देशोदेशीचे स्वयंसेवक येतात, बहुधा वर्षभराच्या मुदतीने. पगार नाही, राहणे-जेवणे मुलांच्याच घरात. पण त्या घराचे कायमचे माणूस निराळे असते, स्वयंसेवक त्याच्या हाताखाली रुजू होतो, आणि मुलांजवळ फिरकण्यापूर्वी त्याचे पूर्वचरित्र स्कॉटलंडच्या कायद्यानुसार तपासले जाते. आपली मुलगी किंवा मुलगा अशा कामाला जावयाचे म्हणू लागला, तर घरच्यांनी भाड्याची आणि थंडीच्या कपड्यांची चौकशी करण्याआधी एवढेच विचारावे: तुझ्या पूर्वचरित्राचा दाखला कोणी मागितला काय? रस्त्याने येणाऱ्या कोणालाही मुलांच्या खोलीत सोडणारी संस्था त्या मुलांची नव्हे, रस्त्याची आहे. मुले सांभाळणाऱ्या स्थानिक बाईला लिहावयास शिकवणे, हिशेब नीट लावून देणे, छप्पर दुरुस्त करणे, ही कामे छायाचित्रात फारशी खुलत नाहीत. पण त्यांत लळ्याचा प्रश्न येत नाही. हॅम्पस्टेडचा बंबवाला हे मला या बाबतीत आदर्श उदाहरण वाटते.

आणि आपल्याकडचे काय, असे वाचक विचारील. वाढदिवसाला, श्राद्धाला अनाथाश्रमात गोडाधोडाचे जेवण घालण्याची आपली रीत आहे. शिऱ्याच्या पातेल्यामागे रांगेत उभी राहिलेली मुले यजमानाचे नाव विचारतात, टाळ्या वाजवतात, यजमान प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि दीड तासाने मोटारीत बसतो. जेवण देण्याबद्दल तक्रार नाही. डोक्यावरून फिरवलेल्या हाताबद्दल मात्र मला आता पूर्वीइतकी खात्री राहिलेली नाही.

शेजारच्या नेपाळातील एक हकीकत सांगावयाची राहिली. माओवाद्यांच्या युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६ च्या दरम्यान, देशाच्या वायव्य कोपऱ्यातल्या हुमला या दुर्गम जिल्ह्यात दलाल फिरत. बंडखोर मुलांना उचलून नेतील, त्यापेक्षा आमच्याबरोबर काठमांडूला शाळेत धाडा, असे सांगून ते आईबापांकडून पैसेही घेत आणि मुलेही. कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण २००४ मध्ये काठमांडूजवळ गोदावरी येथील एका बालगृहात काही महिन्यांपुरता स्वयंसेवक म्हणून आला. आपण आलो ते जगभरच्या मौजेच्या प्रवासाला काही पुण्याची किनार असावी म्हणून, असे त्याने पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने कबूल केले आहे. मुले अनाथ आहेत अशीच त्याची समजूत होती. एके दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली, आणि ती त्यांतल्या दोन भावांची आई निघाली. तेव्हा त्याने मुलांशी खेळणे आवरते घेतले. त्यांची छायाचित्रे गोळा केली, आणि जेथे त्या काळी मोटारीचा रस्ता पोचत नव्हता त्या हुमलाच्या डोंगरांत पायी निघाला. गावोगाव तो ती छायाचित्रे दाखवी. कोठे बायका त्यांवर बोट फिरवून नावे सांगत, कोठे बाप बराच वेळ नुसता पाहत बसे, आणि मग विचारी, इतका उंच झाला काय?